शिडीवर कोण होतं

ओमाहा,
१४ जानेवारी

प्रिय व्लास्तामावशी,

सप्रेम नमस्कार, वि. वि. तुझा डबा पोचला. खसखस भरलेले ते गोड कोलाची-पाव मी मैत्रिणींना वाटून खाल्ले असं लिहिणार होते, पण तुला ते खरं वाटणार नाही, म्हणून राहू दे. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतेस असं लॅडकाका म्हणतो, तेव्हा पत्रच बरं.

इथे थंडी भयंकर आहे. इस्पितळात माझं काम तेच, रोग्यांना ढकलत इकडून तिकडे न्यायचं, चादरी बदलायच्या, कुणी घाबरलं असेल तर शेजारी बसायचं. उरलेल्या वेळात मी निबंध लिहिते. मेडिकल कॉलेजचे अर्ज उन्हाळ्यात जातात, मग प्रत्येक कॉलेज आपापले प्रश्न पाठवतं आणि उत्तरं चटकन मागतं. प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. म्हणून शहाणी मुलं हिवाळ्यातच सगळं लिहून ठेवतात. माझ्यासारख्या आळशीला हे शहाणपण सल्लागार हॅलोरनबाईंनी शिकवलं.

तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय, तुमच्यावर कोणतं संकट आलं, तुम्ही कुठे हरलात. प्रश्न कुठलाही असो, उत्तरात माझा भाऊ येतो, आपला वेस. मी दुसऱ्याच गोष्टीपासून सुरुवात करते आणि चौथ्या ओळीत तो येऊन उभा राहतो. शेवटी त्याच्यावरच लिहिलं. मक्याच्या कोठीची ती आतली शिडी, खाली खचत जाणारा मका, मानेपर्यंत बुडालेला वेस, आणि मी शिडीला लोंबकळून त्याचं मनगट धरलेलं. मोठी माणसं पत्रा कापेपर्यंत मी सोडलं नाही, असं लिहिलं. अर्ज करणाऱ्या आमच्या गटात वाचून दाखवलं तर दोघी रडल्या. हॅलोरनबाई म्हणाल्या की याला आता हातही लावू नकोस.

एकच अडतंय. त्याच्या डोक्यावर टोपी होती ती हिरवी की लाल? मला दोन्ही दिसतात. आईला विचारायची हिंमत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

काकाला नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया तशीच राहू दे.

तुझी,
टेस

विल्बर,
२३ जानेवारी

चि. टेस हिस,

व्लास्तामावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि. पत्र आलं त्या दिवसापासून ते फ्रीजवर चिकटवलंय आणि येता-जाता मी त्याच्याकडे पाठ करतेय. काका म्हणाला, बिलाला घाबरावं तशी काय घाबरतेस. त्याला काय सांगू?

टोपी हिरवी होती. बियाणांच्या दुकानातून फुकट मिळालेली. लाल टोपी तुझ्या बाबांची.

आता पुढचं लिहिते ते शांतपणे वाच. पोरी, तू शिडीवर नव्हतीस. तू माझ्याजवळ होतीस, तुमच्याच स्वयंपाकघरात. आपण दोघी पीठ मळत होतो, तुझ्या कोपरापर्यंत पीठ होतं. नवा मका यायच्या आधी कोठीतला जुना मका बाहेर काढत होते. त्याचा वरचा थर घट्ट जमला होता, म्हणून तो फोडायला वेस काठी घेऊन आत उतरला. तुझी आई अंगणातून ओरडली ते आपण दोघींनी ऐकलं. तू दाराकडे धावलीस आणि मी तुला धरलं. तू मला चावलीस. लाथा मारल्यास. मी तुझं मनगट सोडलं नाही. पुढे किती दिवस त्यावर माझ्या बोटांचे निळे वळ होते. दफनाच्या दिवशी तुझी आजी मला त्यावरून बोललीही.

तोवर शिडीवर तुझी आई चढली होती, मार्सेला. एकटी. वेसचा हात तिच्या हातात होता.

ती जागा तुझ्या आईची आहे, टेस. त्या दिवसातलं तिच्याजवळ तेवढंच उरलंय. निबंध कसा लिहावा ते मला कळत नाही, पण हा पाठवू नकोस एवढं सांगते.

जेवत जा. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी मावशी,
व्लास्ता

ओमाहा,
५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार, वि. वि. रागावले आहे, म्हणूनच लिहिते.

तुझं वय झालंय, तुझी चूक होत असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग वाटलं, तू आईची बाजू घेतेस, नेहमीसारखी. मला तिथलं सगळं ठाऊक आहे. पत्र्याला धरलेली ऊब, घशात जाणारी धूळ. वेसच्या ओठांना चिकटलेलं कोंड्याचं पिवळं साल. तो घाबरला नव्हता, तो कंटाळल्यासारखा दिसत होता, हेसुद्धा मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात बसून हे कुणाला कसं कळेल?

आणि ती पकड. मावशी, मागच्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ गेले. त्यांचं कुणी आलं नव्हतं, म्हणून नर्सने मला बसवलं. त्यांचा हात धरला आणि माझ्या मनगटावर पुन्हा तोच दाब आला. दर वेळी येतो. आजवर मी समजत आले की तो वेस आहे. याच दाबामुळे मी या कामात आले, याच्यामुळे मला डॉक्टर व्हायचंय. आता तू म्हणतेस की ती तुझी बोटं.

मग मी इतकी वर्षं कुणाला धरून बसले होते?

कोंड्याचं साल मला कुठून कळलं, तेवढं सांग. नाही सांगता आलं तर मी निबंध पाठवणार.

टेस

विल्बर,
१३ फेब्रुवारी

चि. टेस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. सांगते.

त्या हिवाळ्यात तुझी आई अंथरुणातून उठली नाही. मी रोज दुपारी यायची, तिच्या पायथ्याशी बसायची आणि ती तेच सांगायची. पत्रा गरम होता, धूळ होती, ओठाला साल लागलं होतं, कंटाळल्यासारखा दिसत होता. रोज तेच, त्याच शब्दांत, जणू एखादा शब्द बदलला तर तो तेवढा आणखी खाली जाईल. तू गालिच्यावर चित्रं रंगवत असायचीस. आम्हाला वाटायचं, लहान आहे, तिचं लक्ष नाही.

तुला दुसऱ्या खोलीत पाठवायला हवं होतं. पण तुला नजरेआड करायला मार्सेला तयार नव्हती.

मला खोटी ठरव, चालेल. पण ईस्टरला घरी ये आणि तिलाच विचार. पत्रातून हे सुटायचं नाही. आलीस की बदक करते, कोबीही. वजन कमी झालंय तुझं, फोटोत दिसतं.

माया पातळ झालेली नाही, हे ध्यानात ठेव.

मावशी

ओमाहा,
१९ एप्रिल

प्रिय व्लास्तामावशी,

सप्रेम नमस्कार, वि. वि. ईस्टरला तुझ्याकडे जेवून निघाले आणि तुला काही न सांगता गेले, त्याचा राग धरू नकोस.  आता लिहिते.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर बाबा गुरांकडे गेले. आई भांडी विसळत होती, मी पुसत होते. मी विचारलं की वेसच्या वेळी मी कुठे होते. तिने मागे पाहिलं नाही. व्लास्ताजवळ, असं म्हणाली, इतक्या सहज, की मी कधी विचारते याची वाटच बघत असावी.

मग मी तिला सांगितलं की मला शिडी आठवते. तिला ते ठाऊक होतं, मावशी. मी पाचवीत असताना शाळेतल्या मुलींना ते सांगत होते, आणि आईने ते मोटारीत बसून ऐकलं होतं. वर्गाच्या बाईंनी घरी फोनही केला होता, पोरगी असं-असं सांगते, खरं आहे का म्हणून. आईने खरं आहे असं उत्तर दिलं होतं.

का, असं मी विचारलं. तिने नळ बंद केला. हात पुसले नाहीत. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते:

"तू सांगायला लागलीस, आणि मग मी वर एकटी नव्हते."

पुढे ती म्हणाली की आता तिला ते आठवतं तेव्हा मीही तिथे असते. तिच्या खालच्या पायरीवर, पिठाचे हात घेऊन. आधी नव्हते, हे तिला कळतं. पण आता मला तिथून उतरवायचं कसं, ते तिला येत नाही. आणि उतरवायचंही नाही.

मग तिने मला कोठी होती तिथे नेलं. बाबांनी ती पाडली, पण खालचा सिमेंटचा गोल चौथरा तसाच आहे, त्यावर गवताच्या पेंढ्या ठेवतात. आई त्यावर चढली आणि मलाही बोलावलं. आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो. वारा होता. मला भीती वाटली, मावशी. वेसची नव्हे. आई इतकी निवांत दिसत होती, त्याची.

निबंध फाडला. तुझं खरं होतं.

टेस

विल्बर,
२ मे

चि. टेस,

अनेक आशीर्वाद, वि. वि. पत्र वाचून मी मागल्या दारी जाऊन बसले. काका दोनदा येऊन बघून गेला.

बाईंच्या फोनबद्दल मला ठाऊक नव्हतं. मार्सेला माझी सख्खी बहीण, तिचं दुखलं-खुपलं मला कळतं असं मी समजत होते. मी रोज तिच्या पायथ्याशी बसले, आणि तिने सोबतीला तुला वर घेतलं. मला नाही. थोडं लागलं. पण शिडीवर मला नेऊन काय उपयोग, माझे गुडघे तुला माहीत आहेत.

आता निबंधाचं काय करणार? वेसला सोडून लिही असं मी सांगत नाही. तो यायचा तर येईलच. तू नव्हतीस, हेही लिहिता येत असेल. मला लिहिण्यातलं काय कळतं, मी चाळीस वर्षं शाळेत मुलांना जेवण वाढलं.

मनगटाचं मात्र सांगते. पुन्हा तसं झालं तर घाबरू नकोस. मीच आहे ती.

मावशी

ओमाहा,
८ नोव्हेंबर

प्रिय व्लास्तामावशी,

सप्रेम नमस्कार, वि. वि. एका कॉलेजने घेतलं. बाबांनी तुला सांगितलंच असेल, पण मी लिहीन तेव्हाच तू ते खरं धरशील. दुसऱ्या दोन कॉलेजांचं अजून काही नाही.

निबंधाची सुरुवात अशी केली होती की मी नऊ वर्षांची असताना माझा भाऊ मक्यात बुडून गेला आणि मी तिथे नव्हते. पुढे त्या हिवाळ्यातल्या दुपारींबद्दल लिहिलं, एका बाईला तेच-तेच सांगावं लागतं आणि कुणीतरी रोज येऊन ते ऐकतं, याबद्दल. हॅलोरनबाईंना पहिला जास्त आवडला होता. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. मुलाखतीत एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं. मी म्हणाले, मीही आत पडले असते, म्हणून मला धरून ठेवलं होतं. 

आता वेसच्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेचं. त्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान वळवली, त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. नवे पाद्री आईला विचारत होते, मुलगा कसा गेला. आईने शांतपणे सांगितलं की टेस आणि मी शिडीवर होतो, आम्ही दोघींनी त्याला धरलं होतं. पाद्रींनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही तेव्हा किती लहान असाल.

नऊ वर्षांची, असं मी म्हणाले. तेवढंच म्हणाले. आईने माझा हात हातात घेतला आणि ती पाद्रींना पुढचं सांगू लागली.

तू चिडली असशील तर चीड. कागदावर मी खरं लिहिलं, तिथे ते राहील. आईजवळ मात्र मी वरच आहे, आणि ती हयात असेपर्यंत मी तिथून उतरणार नाही.

काकाला नमस्कार. तुझ्या मायेची गरज आता आधीपेक्षा जास्त आहे, हात आखडू नकोस.

तुझी,
टेस