दुपारची बातमी मी ऐकली नव्हती

प्रिय मास्तर,

‘प्रिय’ लिहिलं म्हणून हसू नका. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही, सिहोरा सोडून तुम्ही कधी राहिलात कुठे? आज लिहितेय, कारण काल दुपारच्या मराठी बातम्यांत सांगितलं, इराण-इराकची लढाई थांबली. आठ वर्षांनी थांबली! ऐकून मी तुम्हाला हाक मारली. मग आठवलं, तुम्हाला जाऊन सहा महिने झाले.

संध्याकाळी रेडिओवर लंडनची हिंदी बातमीही लावली. तिथेही तेच. दोन ठिकाणचं जुळलं खरं, पण दोन्हीकडे ऐकणारी मी एकटीच. तुमच्या नियमात हे बसतं का हो?

काय तो तुमचा नियम! सकाळी लंडन तुम्ही ऐकायचं, तुम्ही शाळेत गेलात की दुपारची बातमी मी. संध्याकाळी दोघांचं जुळलं, तरच चावडीजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचं. अमेरिकेचं आरमार निघालं, रशियाने फौज घातली, तुमसरच्या बाजारातून लोक रोज एक महायुद्ध घेऊन यायचे आणि घरात मीठ-रॉकेल भरायचे. तुमचं उत्तर ठरलेलं, अगोदर हिची दुपार होऊ द्या. चौथी शिकलेल्या बाईच्या कानावर तुम्ही एवढा भरवसा टाकलात! मला त्याचा किती गर्व होता, हे मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि त्याच भरवशाला मी एकदा दगा दिला. धानकापणीचे दिवस होते, आठवतं? संध्याकाळी यमुनाबाई आपल्याकडे येऊन अंगणात बसली होती. तिचा लेक रमेश इराकमध्ये वेल्डर. त्याचं पत्र आलेलं, मुदत संपतेय, कंपनी आणखी सहा महिने राहा म्हणते, राहू की परत येऊ? घर अर्धं बांधून पडलं होतं तिचं. त्या सकाळी तुम्ही लंडनवर ‘युद्धबंदी’ एवढं ऐकलं होतंत. पुढचं काही धड ऐकू आलं नव्हतं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. “दुपारी तू बी आयकलं काय वो?”

मी काहीच ऐकलं नव्हतं. पण यमुनाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्यासमोर ‘नाही’ म्हणवेना. “हो, आयकलं. थांबली म्हणे लढाई.”

“मंग लिहा त्याले मास्तर,” ती म्हणाली, “राहा म्हणा.”

तुम्ही फळ्यावर बातमी लिहिलीत आणि रमेशला पत्रही. तो राहिला. लढाई कुठली थांबायला! नुसती बोलणी चालली होती, तीही फिसकटली. दोन महिन्यांनी त्यांच्या कामाजवळ बॉम्ब पडला आणि रमेश उजवा हात गमावून घरी आला.

“तुमच्या फळ्यानं माह्या लेकाचा हात नेला,” यमुनाबाई दारात उभी राहून एवढंच बोलली. त्या संध्याकाळी फळ्यावर लिहिलंत, ‘लढाई थांबल्याची बातमी चुकीची होती. चूक माझी.’ खाली तुमचं नाव. माझं कुठेच नाही. त्यानंतर त्या फळ्यासाठी तुम्ही खडू हातात धरला नाही. तुमच्या मातीला सारा गाव आला, यमुनाबाई तेवढी आली नाही.

मला वाटायचं, मी तुम्हाला फसवलं. रोज तुमचं ताट वाढताना वाटायचं, आज सांगू. नाही सांगितलं. भीती वाटायची, की तुम्ही पुन्हा मला काही विचारणारच नाही.

काल बातम्या संपता संपता रेडिओचा आवाज बसला. आज सकाळी श्रावणाचं ऊन पडलं, तेव्हा सेल काढून तापवायला कुंपणाच्या भिंतीवर ठेवायला गेले आणि हात तिथेच थांबला. त्या दिवशीही असाच आवाज बसला होता! शाळेत जाण्याआधी तुम्हीच सेल काढून उन्हात ठेवले होते. संध्याकाळी, यमुनाबाई यायच्या जरा आधी, तुम्हीच ते आत आणलेत. मग दुपारी मी बातमी ऐकणार कशी?

मास्तर, तुम्हाला माहीत होतं. माझं ‘हो’ खोटं आहे, हे ऐकतानाच माहीत होतं! तुम्हालाही तिच्यासमोर ‘नाही’ म्हणवलं नाही, होय ना? मग नंतर तरी बोलायचं होतं. एका घरात, एका चुलीपाशी बसून आपण दोघं तेच दुखणं वेगवेगळं सोसत राहिलो. तुम्ही गेल्याने मी एकटी झाले असं लोक म्हणतात. मला आज वाटतंय, त्या संध्याकाळपासूनच मी एकटी होते, आणि तुम्हीही.

तुमच्यावर राग येतोय. कुणाशी भांडू?

लढाई थांबल्याचं फळ्यावर लिहिणार नाही मी. ते गावाला कळेलच. उद्या सकाळी यमुनाबाईकडे जाईन. रमेश घरी असला तर त्याच्यासमोर सांगेन, की त्या दुपारी रेडिओ बंद होता, मी खोटं बोलले, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. तिने दार लावून घेतलं तर दाराबाहेरून सांगेन. तुमचं नाव वगळणार नाही. तुम्ही माझं वगळलंत, तसं मी करणार नाही. हा शब्द देते.

तुमचीच,
सुमन