मावशींचा शेवटचा राब

मेढा, चैत्र, १९४४

प्रिय मानसिंग,

मुद्द्याचं लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी गावाला शिव्या घालून घेतो. किळस आलीय मला या माणसांची. आपण शाळेत होतो तेव्हा तुझ्या आईनं, तानुमावशींनी, डोंगरातल्या वावराच्या बांधावर ऐन-किंजळीची रोपं लावली, आठवतं? सगळे दात काढत होते. “तानुबाय, सावलीत नाचणी पिकती व्हय गं? येड लागलंय हिला!” तुझा चुलता नाथाजी त्यात सगळ्यांच्या पुढे. मग लढाई आली, पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी लाकडी कोळशावर धावू लागल्या आणि या शहाण्यांनी उतारावरचं झाडन् झाड ठेकेदाराच्या भट्टीत घातलं. आता राबाला फांदी नाही! फांद्या पसरून वाफा भाजला नाही तर आपल्याकडे नाचणीचं रोप धरत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक. यांना भट्टी विझल्यावर आठवलं.

मग लाज गुंडाळून सगळे मावशींच्याच बांधावर फांद्या मागायला. मावशींनी दिल्याही. गेल्या पावसाळ्यात घरोघर बांधावर रोपं लागली. शेतकी खात्याचे साहेब आले, झाडं का लावलीत म्हणाले, तर नाथाजी हात जोडून म्हणतो, “आवं सायेब, तुमीच सांगितलं न्हवं का!” मावशींचं नाव एकाच्याही तोंडी नाही. त्या मात्र हसल्या. “लावत्यात न्हवं? मग झालं.” मला नाही जमत तसलं हसू.

आता लिहितोच. परवा मावशी गेल्या, मानसिंग. तापानं. मढं दारात, आणि नाथाजी सरणाचं निमित्त करून कुऱ्हाडवाले घेऊन बांधावर! एका सरणाला झाडांची सगळी रांग कशाला लागते? ठेकेदाराची गाडी खाली रस्त्यावर उभी होती. थू त्याच्या जिनगानीवर! मी झाडांपुढे आडवा झालो. तो रुसून घरी बसला, तेव्हा तुझ्या जागी अग्नी मी दिला. यंदाच्या राबासाठी मावशींनी स्वतः तोडून वाळवलेल्या फांद्या होत्या. त्यांवर आणि शेजारच्या बायांनी आणलेल्या गोवऱ्यांवर त्यांना ठेवलं.

अस्थी वेण्णेत सोडल्या. राख मात्र तुमच्या रोपाच्या वाफ्यावर पसरली आहे. शास्त्राला धरून की सोडून, मला ठाऊक नाही. झाडं तोडायला होकार दे, असं नाथाजी तुला कळवील. साफ नाही म्हण आणि रजा काढून पावसाआधी ये. यंदा त्या वाफ्यात नाचणी तुझ्याच हातानं पडू दे. तोवर बांधावर मी बसलोय.

तुझाच,
ज्ञानू