जिन्यातली खुर्ची

अकरा दिवसांनी ज्येष्ठ म्हणून वंदनीय, आणि मावशीचा मुलगा म्हणून सहनीय, अशा बंधूस तिसऱ्या मजल्यावरून साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरचाच समजावा. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसे लागतील, आणि ती तीन जिने चढून येईपर्यंत मी तसाच पडून राहीन.) तुझी प्रकृती उत्तम असेल असे धरून चालतो. तुझ्या इमारतीला तीन लिफ्ट आहेत आणि त्यातली एक केवळ सामानासाठी आहे, हे तू मागच्या खेपेला फोनवर दोनदा सांगितलेस. ऐकून आनंद झाला. पहिल्यांदा जास्त झाला.

इकडचे वर्तमान असे. तुझ्या वहिनीचे खुब्याचे हाड मोडले त्याला पाच महिने झाले. हाड जुळले आहे, काठी घेऊन ती घरभर फिरते, पण चोपन्न पायऱ्यांचे नाव काढायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे. तिचे वाचनालय आमच्या गॅलरीतून समोरच दिसते. (दिसते, हीच अडचण आहे.) तिच्या जागेवर आलेला बदली ग्रंथपाल मासिके उलटी मांडतो, ते हिला इथून दिसते आणि ही त्याला फोन करते. तो बिचारा हल्ली काहीही मांडण्याआधी आमच्या गॅलरीकडे बघून घेतो. रोज चार वाजता, म्हणजे वाचनालय उघडायच्या वेळेला, ती बाहेर जायच्या चपला घालून गॅलरीत बसते आणि साडेसातला चपला काढून आत येते. चपला कशाला, असे मी विचारलेले नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात काय विचारू नये एवढे मला कळायला लागले आहे.

मागच्या महिन्यात तपासणीसाठी तिला खाली न्यायचे ठरले. नळदुरुस्तीवाला, त्याचा मेहुणा, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि मी, अशा चौघांनी तिला जेवणाच्या खुर्चीसकट उचलले. सेक्रेटरी निवृत्त हिशेबतपासनीस, त्यामुळे त्यांनी आधी प्रत्येकाला खुर्चीचा एकेक पाय नेमून दिला आणि पायाची अदलाबदल लेखी परवानगीशिवाय करू नये असे सांगितले. (विनोद नव्हता. त्यांना विनोद येत नाही.) दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कठड्यात अशी अडकली की पुढे जाईना आणि मागे येईना. नळवाल्याने मला विचारले, "मास्तर, वहिनींना जरा तिरपं करू का?" ती वरून म्हणाली, "मी कपाट नाही." मग माझ्या गुडघ्याने राजीनामा दिला आणि आम्ही चौघेही पायऱ्यांवर बसलो. ती मात्र खुर्चीत, वळणावर, राणीसारखी. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चहा दिला. पाऊण तास असा गेला. शेवटी डॉक्टरच वर आले, तेही धापा टाकत. ती तेवढ्यात इकडेतिकडे बघून मला म्हणाली, "इथं हवा बरी येते हो. एखादी खुर्ची कायमची का नाही ठेवत कुणी? दमलेल्या माणसाला टेकता येईल." मी चहाचा कप नळवाल्याच्या हातात दिला आणि बुटाची नाडी बांधू लागलो. पायात बूट नव्हते.

तुला आठवले असेलच. नसेल, तर आठवण करून देणे हे धाकट्या भावाचे कर्तव्य आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी माझ्या बाबांची बदली झाली आणि हे घर आपल्या दोघांच्या हाती आले. आपण चोवीस वर्षांचे होतो, दोन दोन पायऱ्या एका ढांगेत चढत होतो आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी तयार होती. (प्रश्न पुढे येत गेले.) त्या साली चौथ्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी लिफ्टचा अर्ज केला होता. काकूंचे हृदय अधू झाले होते. काका तेव्हा पंचावन्नचे. आपण त्यांचा उल्लेख 'वरचा म्हातारा' असा करत असू. आज आपण त्रेपन्नचे आहोत, एवढेच नोंदवतो, पुढे काही म्हणत नाही.

त्या सभेतले भाषण तू वाचलेस. 'उद्वाहन हे आलस्याचे वाहन होय', 'ज्या समाजाचे पाय थकतात त्याचे मस्तक आधीच थकलेले असते', वगैरे. टाळ्या पडल्या. निम्म्या लोकांना 'उद्वाहन' म्हणजे लिफ्ट हे कळले नव्हते आणि उरलेल्यांना वर्गणी वाचल्याचा आनंद झाला होता. लिफ्ट फेटाळली गेली. काकांनी कसलीही कुरकुर न करता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची आणून ठेवली, काकूंना टेकायला. तीही आपल्याला खुपली. 'जिना ही सार्वजनिक वाट असून ती खासगी बैठक नव्हे' असा अर्ज गेला आणि आठवड्यात खुर्ची वर गेली. त्यानंतर काकू तीन वर्षे जगल्या. त्या अवधीत त्या दोनदा खाली आल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा उचलणाऱ्यांत तू होतास, मी होतो, आणि त्याच वळणावर आपल्याला थांबावे लागले होते. त्याबद्दल आपण दोघे कधी बोललो नाही. आताही बोलत नाही, फक्त लिहितो आहे.

असो. गेल्या रविवारी सभेत मी लिफ्टचा विषय मांडला. सेक्रेटरींनी चष्मा पुसला, ठरावांची जुनी वही काढली आणि ठराव क्रमांक चौदा, म्हणजे आपला तो लिफ्टविरोधी ठराव, मोठ्याने वाचला. त्याच्या शेवटी एक कलम आहे, ते मी साफ विसरलो होतो. 'हा ठराव बदलावयाचा झाल्यास दोन्ही प्रस्तावकांनी सभेपुढे समक्ष उभे राहून आपले मत बदलल्याचे स्पष्ट शब्दांत सांगावे.' हे आपणच घातले होते. वय झाले की माणसे मते बदलतात याचा आपल्याला तेव्हा फार राग असे, आणि आपले बदलणार नाही याची लेखी हमी द्यावी असे वाटले होते. मी उभा राहिलो. (उभा राहायला वेळ लागला, तोच निम्मा पुरावा.) "माझे मत बदलले आहे," असे सांगितले. सेक्रेटरी म्हणाले, "अर्धं झालं. दुसरे प्रस्तावक?"

शिवाय लिफ्टचे यंत्र गच्चीवर, म्हणजे काकांच्या छताच्या वर बसणार, म्हणून त्यांची वेगळी संमती हवी. ती आणायला मी दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर गेलो. एकोणतीस वर्षांत त्या दारात मी किती वेळा उभा राहिलो हे मोजायला एका हाताची बोटे खूप झाली. काका आता चौऱ्याऐंशीचे. घरात एकवीस घड्याळे, आणि एकाचेही दुसऱ्याशी पटत नाही. त्यांनी डोळ्याचे भिंग न काढताच विचारले, "कोण?"

"तिसऱ्या मजल्यावरचा."

"दोघांपैकी कुठला? लिहिणारा की वाचणारा?"

"वाचणारा," मी म्हणालो.

"बरं. मत बदललंय की गुडघा?"

"दोन्ही."

"आधी काय?"

तीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवल्यामुळे अवघड प्रश्नाभोवती प्रदक्षिणा घालायची कला मला येते. पण एक जिना चढून आलो होतो, प्रदक्षिणेचे त्राण नव्हते. "गुडघा," असे सांगितले. काकांनी पेन उचलले, टोपण काढले, आणि मग पेन खाली ठेवून विचारले, "दुसरा कधी येतोय?"

हे केवळ तुझ्या माहितीसाठी. तुला बोलावण्याचा माझा हेतू नाही. तू कामाचा माणूस, तुझा रक्तदाब, प्रवास, हे सगळे मी जाणतो. तीनही लिफ्टना माझा नमस्कार, सामानाच्या लिफ्टला विशेष.

तुझा, अकरा दिवसांनी अज्ञानी,
भाऊ

ता. क. काकांनी पेन खाली ठेवले असे वर लिहिले ते खरे आहे. ठेवण्याआधी त्यांनी सही केली होती, ते लिहायचे राहिले.

ता. क. दुसरा. ते शेवटचे कलम कायद्याने टिकत नाही, असे सेक्रेटरींनी वकिलाला विचारून परवा कळवले, आणि काल ठराव एकमताने मंजूर झाला. तीन महिन्यांत लिफ्ट होईल. तुझ्या वहिनीने ऐकून घेतले आणि चपला पुसल्या. तेव्हा तुझी तशी काही गरज उरलेली नाही.

ता. क. तिसरा. काकांनी ड्रॉवरमधून खुर्चीबद्दलचा तो जुना अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. अक्षर माझे आहे. भाषणही मीच लिहिले होते, तू वाचलेस तेवढेच. काका म्हणाले, "लिहिणाऱ्याचं अक्षर फळ्यावरच्यासारखं आहे, तेव्हाच ओळखलं होतं. तू येऊन गेलास. आता वाचणाऱ्याला सांग, यायचं तर लिफ्ट सुरू व्हायच्या आत ये. लिफ्टने आलेला माणूस मी ऐकून घेणार नाही." एकवीस घड्याळे असूनही ते रोज मला वेळ विचारायच्या निमित्ताने हाक मारतात आणि तुझे विचारतात. मी त्यांना येत्या महिन्याचा शब्द देऊन बसलो आहे.

तेव्हा ये. बहात्तर पायऱ्या आहेत. काकांनी ती खुर्ची परवा माझ्याकडून खाली नेववली, तुझ्या वहिनीसाठी, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होती तिथेच ठेवायला लावली. तुझी वहिनी आता रोज चार वाजता काठी टेकत अठरा पायऱ्या उतरून तिथवर जाते, डॉक्टरांना न सांगता. तू आलास की ती उठून तुला जागा देईल. बस थोडा वेळ. तिथे हवा बरी येते.