आबांची कात

१२ फेब्रुवारी
पोचले एकदाची नव्या नोकरीच्या घरी! पेटी उचलायला कुणी नव्हतं, पण जिना रुंद आहे आणि माझी खोली पहिल्याच मजल्यावर. दोन खिडक्या, भिंतीतलं कपाट, स्वतःचं न्हाणीघर. अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढली, निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीकडे सोफ्यावर झोपून पाठीचं वाटोळं करून घेतलं. आज दार आतून लावून पलंगावर ऐसपैस पसरले आणि एकटीच हसले.

पेशंट म्हणजे एक पाल. पाळीव, म्हातारी, वीतभर लांब, पिवळ्या अंगावर काळे ठिपके. खरं तर नर आहे, म्हणून घरात त्यांना आबा म्हणतात, आणि मालकीणबाई चक्क अहो-जाहो करतात. मीही काचपेटीत वाकून म्हटलं, काय आबा, बरं आहे ना? त्यांनी एक डोळा उघडला. दुसरा उघडतच नाही. धाकटीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ताई, जन्मभर माणसांचं केलंस, आता पालीचं गू-मूत काढायला निघालीस? मी म्हटलं, हे पेशंट भेटीला आलेल्या नातेवाइकांची फौज तरी आणणार नाहीत.

बाई साठीच्या पुढच्या, ताठ, बोलायला गोड. घरातही पांढरे सुती हातमोजे घालतात. इसब असेल. मला सगळे सवयीने सिस्टर म्हणायचे, त्याही तेच म्हणू लागल्या.

१३ फेब्रुवारी
आबांचं वय बावीस. या जातीची चरबी शेपटीत साठते, ती गुबगुबीत हवी. आबांची सुकलेल्या शेंगेसारखी झाली आहे. जबड्याचं हाड मऊ पडलंय, उजव्या पायाची तीन बोटं गळालीत. पोट साफ होत नाही, म्हणून रोज सकाळी कोमट पाण्यात बसवून अंगठ्याने पोट खाली-खाली चोळायचं. आज वीस मिनिटांनी यश आलं. पाण्यात एक काळी लेंडी आणि खडूसारखा पांढरा गोळा आला, आणि वास असा की मी दोन्ही खिडक्या उघडल्या. जेवण जिवंत अळ्यांचं. कात्रीने डोकी उडवायची, खलात वाटायच्या, कॅल्शियमची पूड घालून ड्रॉपरने भरवायच्या. डोकं उडालं तरी अळी वळवळत राहते, हे मला नवीन होतं.

बाईंनी वही ठेवली आहे, वॉर्डातल्या चार्टसारखी आखलेली. पाहून बरं वाटलं. एकच गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. आबा कात टाकतील तेव्हा ती परत त्यांच्या पोटात गेलीच पाहिजे. या पाली आपली कात आपणच खातात. आबांना आता चावता येत नाही, म्हणून ती वाटून भरवायची. नखाएवढा तुकडाही वाया जाता कामा नये. वहीत त्याचा वेगळा रकाना आहे: कात दिली.

१९ फेब्रुवारी
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. आबांच्या हिरड्यांत पू झालाय. पालीचा पू वाहत नाही, घट्ट होतो. डॉक्टरांनी चिमट्याने ओढला तसा दाणा निघाला आणि माझ्या चष्म्यावर उडाला. मी दोनदा साबणाने चष्मा धुतला, तरी जेवताना तिथेच काहीतरी चिकटलंय असं वाटत राहिलं. जाताना डॉक्टर जिन्यात थांबून म्हणाले, की आबांना ते पहिल्यांदा भेटले तेव्हा आबा आठवड्याचे सोबती होते, आणि त्याला नऊ वर्षं झाली.

२४ फेब्रुवारी
आबांनी कात टाकली. टाकली कसली, मी सोलली. अंग पांढुरकं पडलं होतं. ओल्या कापसाने भिजवून पाठीवरून, बगलेतून, बोटाबोटावरून चिकट पापुद्रे उतरवले. मिटलेल्या डोळ्यावरच्या पापुद्र्याबरोबर मागून पिवळं काहीतरी लांबच लांब आलं. सगळं खलात घालून वाटलं. वाटलं जात नव्हतं, त्याची बुळबुळीत वात होत होती. कसाबसा पहिला ड्रॉपर भरवला, तर आबांनी तो कोमट घास माझ्या मनगटावर ओकला, आणि तो बाहीत शिरला.

मीही ओकले. मग वाटीतलं उरलेलं सगळं संडासात ओतून पाणी सोडलं आणि वहीत लिहिलं: कात दिली.

खोटं का बोला, वॉर्डातही मी हे करायचे. दुपारी कामाचा ढीग असला की झोपलेल्या पेशंटच्या चार्टवर आधीच लिहून टाकायचं, दिलं. त्याने कुणी दगावलं नाही.

२६ फेब्रुवारी
आबा खात नाहीत. अंग लालबुंद, सोललेल्या गुडघ्यासारखं दिसतंय.

माझ्या तर्जनीची त्वचा सुटली. अंघोळीनंतर टोकाला ओढलं, तर अख्ख्या बोटाची टोपी निघून आली, रेषांसकट. दुखलं नाही, रक्त नाही. आत नवीन गुलाबी बोट. साबणाची ॲलर्जी म्हणून सोडून दिलं. टोपी केराच्या डब्यात टाकली आणि तासाभरात बोटाला अशी आग लागली की दुपारभर हात बादलीत घालून बसले.

२८ फेब्रुवारी
आज मधलं बोट. सुटलेला पापुद्रा लोंबत होता, त्याच हाताने आबांच्या तोंडात थेंब घालत होते. ज्यांना जबडा उचलता येत नाही त्या आबांनी झडप घातली. पापुद्रा ओढला, मान हलवत हलवत गिळला आणि माझं बोट मागून-पुढून चाटलं. त्यांची जीभ थंड होती. मला अशी शिसारी आली की किंचाळलेसुद्धा.

पण या बोटाची आग झाली नाही. आणि संध्याकाळी आबांनी अकरा अळ्या खाल्ल्या.

२ मार्च
कात मी संडासात ओतली, हे बाईंना त्याच दिवसापासून माहीत होतं. रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, सिस्टर, वहीत लिहिलेलं आबांना पोचत नाही. कात वाया गेली की त्यांना दुसरी द्यावी लागते, आणि ती ज्याने वाया घालवली त्याच्याच अंगावरून येते. मी ओरडले, मग तुम्हीच का नाही देत? त्यांनी हातमोजे काढले. हातावर रेघ नाही, नख नाही, केस नाही. ओल्या साबणाच्या वडीसारखे हात. म्हणाल्या, एकदा माझ्याकडूनही हलगर्जीपणा झाला होता, माझ्याकडे आता सुटण्यासारखं काही उरलं नाही.

५ मार्च
पेटी भरून निघाले. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्याचं दार ढकललं आणि तळहाताची साल दाराच्या मुठीला चिकटून राहिली. डॉक्टर म्हणाले कोरडी त्वचा आहे, मलम लिहून दिलं. बाहेर आले तर झाडूवाली खाली गळून पडलेली ती साल सुपलीत भरत होती. हात पेटल्यासारखा झाला. सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसून मी सुपलीतून ती शोधून काढली, धूळ आणि केसांसकट, रुमालात बांधली. आणि परत आले. या घरी. माझ्या पायांनी.

आबांनी केससुद्धा सोडले नाहीत. आग थांबली.

८ मार्च
खांदे, मान, पोट. सकाळी चादरीवर माझा आकार पडलेला असतो. तो गोळा करायचा, वाटायचा. वास मला कळतो, माझाच आहे.

आबांची शेपूट भरली. गेलेली बोटं उगवली आहेत. त्यांना नखं आहेत. पालीची नव्हेत. बारीक, चपटी, अर्धचंद्रासकट— माझ्या हनुवटीखालचा तीळ आता त्यांच्या पाठीवर आहे.

धाकटीचा फोन. सगळं सांगितलं, रडले. ती म्हणाली वेडी आहेस का, रविवारी न्यायला येते, सामान बांधून ठेव. चार दिवस. तेवढं अंगावर राहू दे माझं— तेवढं उरू दे.

१० मार्च
उरलं नाही. कपडा सोसत नाही. वारा सोसत नाही. पेनाला कापूस गुंडाळला आहे.

आबांनी कात टाकली— एकट्यांनी, अख्खी, डोक्यापासून शेपटीपर्यंत. खाल्ली नाही. पाठ फिरवून बसले. बाईंनी ती वाटली, वाटीत घालून माझ्या उशाशी ठेवली. म्हणाल्या, त्यांचं पोट भरलं, ही तुमची. आग थांबेल.

वाटीकडे बघवत नाही. बुळबुळीत. त्यात काळा ठिपका आहे— तीळ आहे. मी नाही. मेले तरी नाही. रविवार परवा आहे. फक्त परवा—

१२ मार्च, रविवार
नाही राहवलं. बोटाने एक चाटण. किळस, किळस, डोळ्यांत पाणी— आणि हाताची आग थांबली. हातापुरती. मग आणखी एक— मानेची थांबली—

खाली बेल. धाकटीचा आवाज. ताई कुठेय विचारते. बाई गोड बोलतायत, सिस्टर परवाच नोकरी सोडून गेल्या—

जिन्यापर्यंत येईल. नाही येत. हाक मारली तर ऐकू जाईल, दार उघडंच आहे. एक हाक. ती निघाली— तिच्या चपला वाजतायत—

हाक मारायची तर तोंड रिकामं हवं. वाटीत अजून थोडं आहे. आधी ते—