थोरली कट्यार

सोलापूर, वैशाख वद्य तृतीया

सुमीचं लग्न लागलं. बापानं आनंदात असावं. माझ्या डोक्यात मात्र ते लिंबू. नवरदेवानं हाती कट्यार धरायची, टोकाला लिंबू खोचायचं, एवढीच रीत. वीतभर सुरीनंही भागतं. पण मंगळवेढ्याचे व्याही अडून बसले, "आमच्यात थोरलीच लागती. लई जुनी हाय."

कट्यार कसली, पहारच ती. जावईबापूंनी कमरेला खोचली, तर लिंबू मांडीत रुतून बसता येईना. खांद्यावर टाकली, तर लिंबू व्याह्यांच्या फेट्याला लागलं. काखेत धरली, तर करवला चार हात लांब सरकला. शेवटी वरातीत, भर रस्त्यात, माझ्या पोरीला म्हणाले, "धर गं जरा."

सापडली सोय. व्याही हसले, "आता सगळं तिनंच धरायचं की." असल्या माणसांत पोर दिली मी?

जानवशाच्या दारात जावईबापूंनी हात पुढं केला. "आण इकडं, लोक बघत्यात."

"असू द्या," सुमी म्हणाली. "मला पेलते."

आणि ती तशीच आत गेली. लिंबू जरासुद्धा हललं नाही.