स्टँडसमोरची तात्पुरती बाग

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. जव्हारच्या एसटी स्टँडसमोर तात्पुरती बाग. बांबूचा मंडप, आत कुंड्या, बाक आणि व्हीलचेअर चढेल असा रॅम्प. आठवड्याने सगळं उचलायचं. मोठ्या शहरांत करतात, व्हिडिओ बघितलाय. मंडप डेकोरेशनचा धंदा आपलाच, म्हणजे निम्मं काम झालंच. समृद्धी म्हणाली, "गावाच्या चारी बाजूंना जंगल आहे." बायकोला अर्बन डिझाइन कळत नाही. शिवाय हे अण्णांसाठी आहे. पॅरालिसिस झाल्यापासून वर्षभर वडील घराबाहेर पडलेले नाहीत. उद्घाटन त्यांच्याच हस्ते.

५ नोव्हेंबर
परवानगी मिळाली. नगरपरिषदेच्या साहेबांनी विचारलं, "लग्न कुणाचं?" बराच वेळ समजावलं. शेवटी अर्जावर 'मंडप, बिनलग्नाचा' असं लिहून घेतलं. हरकत नाही. उद्यापासून पहाटे उठणे.

८ नोव्हेंबर
उशिरा उठलो. पडल्या पडल्या जास्त सुचतं. रॅम्प जरा उभा झालाय. पुढे रस्ता आहे, लांबवता येईना. मागून ढकललं की चढेल.

९ नोव्हेंबर, दुपार
नाशिकहून शोभेचे पाम आले. पोशेऱ्याची चंपाबाई स्टँडवर भाजी विकते. तिने विचारलं, "यांना काय लागतं?" म्हटलं, काही लागत नाही, नुसतं बघायचं. ती बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिली. इम्पॅक्ट सुरू.

१० नोव्हेंबर
उद्घाटनाआधीच तुफान गर्दी. खोडाळ्याची गाडी लेट होती, हेही एक कारण. रॅम्पवर बाइक लावल्या होत्या. काही पाम लोक घरी घेऊन गेले. लोकसहभाग म्हणतात तो हाच. तरी स्वस्थता नाही. तीनदा जाऊन कुंड्या हलवून आलो.

१२ नोव्हेंबर
उद्घाटन. अण्णांना खुर्चीसकट चौघांनी उचलून घराच्या पायऱ्या उतरवल्या. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. रॅम्पवर मी, कामगार भावेश आणि दोन रिक्षावाले ढकलत होतो. आत गेल्यावर कुंड्यांमुळे खुर्ची वळेना. त्यामुळे अण्णांचं तोंड मुतारीच्या भिंतीकडे, फीत मागे. मी भाषण केलं. अण्णा हळूच म्हणाले, "पराग, घरी ने." भारावले असावेत.
घरी आल्यावर जेवले नाहीत. मी ओटीवर येरझाऱ्या घालतोय. भाषण लांबलं का?

१४ नोव्हेंबर
मंडप उतरवला. कल्पना बरोबर होती, जागा चुकली. पुढच्या वेळी मोखाडा. रॅम्पची फळी गोडाऊनला नेणार होतो, कंटाळा आला. दारातच टाकली.

१५ नोव्हेंबर
दुपारी घरी आलो तर अण्णा नाहीत, खुर्चीही नाही. धावत गल्लीत गेलो. टोकाला शेवग्याखाली अण्णा, शेजारी त्यांचे जुने दोस्त वामनकाका, दोघांच्या हातात चहा. अण्णा हसत होते. किती दिवसांनी बघितलं.
समृद्धीने आणि भावेशने रॅम्पची फळी आमच्याच पायऱ्यांवर टाकली होती. पायऱ्या दोनच, फळी लांब. समृद्धीने एकटीने खुर्ची खाली आणली.
अण्णांनी विचारलं, "वर्षभर हे का नाही केलंस रे?"
म्हटलं, "याला कुणाची परवानगी लागत नाही ना, म्हणून लक्षात आलं नाही."
अण्णा वामनकाकांकडे वळले आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू केलं.