एका बरणीतली भावंडं

बो बासें,
२० सप्टेंबर १९५९

तीर्थरूप भगवती आत्यास गोवर्धनचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला थांबला का? मी इथे खुशाल आहे, म्हणजे दोन वेळा जेवतो आणि दोन्ही वेळा तुझ्या हातचं नाही म्हणून हळहळतो. आई गेली तेव्हा मी वर्षाचा होतो, तिचा चेहरा आठवत नाही. पण गुडलँड्सच्या घरामागे उसाच्या कडेला बसून तू मला भरवायचीस आणि तुझ्या पदराला वाटलेल्या मसाल्याचा वास यायचा, तो मात्र अजून आठवतो. ते दिवस फार लवकर गेले.

मी नेमकं काय काम करतो, असं तू विचारलं होतंस. बाबांना मी ‘शास्त्राचं काम’ असं सांगितलंय. खरं म्हणजे मॉस्ये दुवाल नावाच्या निवृत्त प्रोफेसरकडे मी मेलेल्या किड्यांची चित्रं काढतो. किडे दक्षिण अमेरिकेतले. (आपल्या बेटावरच्या किड्यांनी काय घोडं मारलं होतं, हे विचारायचं धाडस केलं नाही.) दिसायला कोळ्यासारखे, पण कोळी नव्हेत. जाळं विणत नाहीत, कंबर नाही, सगळं अंग म्हणजे एक दाणा, त्याला हे लांब पाय, आणि डोळे पाठीवरच्या उंचवट्यावर. जुन्या विद्वानांनी त्यांचा मोठा गोंधळ करून ठेवलाय. एका रानातून, एका बरणीत, एका बोटीने आले की सगळे एकाच कुळाचे, असं म्हणून ते मोकळे झाले. उलट नराच्या मागच्या पायांना काटे आणि मादीला नाहीत, एवढ्यावरून नवराबायकोला दोन जातींत टाकलं. मॉस्ये म्हणतात, बरणी विसरा, अंग बघा. पाठीवरच्या खाचा, डोळ्यांमधले काटे, मांडीचा आकार. तसं बघून त्यांनी एका बरणीतल्या भावंडांची तीन कुळं केली आणि कित्येक जोडप्यांचे संसार पुन्हा लावून दिले.

हे सगळं मी तुला सांगतोय ते देवकीमुळे. तुलसीराम आजाची नात देवकी. तिचे आणि माझे पणजोबा एका जहाजातून इथे उतरले, म्हणून ते जहाजी भाऊ, म्हणून त्यांचे मुलगे भाऊ, म्हणून आम्ही बहीणभाऊ, आणि म्हणून आमचं लग्न होऊ शकत नाही. रक्ताचा थेंब एक नाही, गाव एक नाही, एक रत्नागिरीकडचा तर दुसरा साताऱ्याकडचा. फक्त बरणी एक. मला वाटलं, असले प्रश्न तर मी रोज सोडवतो.

म्हणून चतुर्थीला सांत्र द फ्लाकला तुलसीराम आजाच्या घरी गेलो, खिशात भिंग आणि पुराव्यादाखल पिशवीत एक बरणी. ती मी नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवली, ही पहिली चूक. देवकीच्या कुंती आजीला ते लोणचं वाटलं. झाकण उघडल्यावर आतल्या स्पिरिटच्या वासाने तिला रम वाटली, आणि तळाशी पाय दिसले तेव्हा काय वाटलं ते तिने क्रिओल बोलीत सांगितलं, गणपतीला कळू नये म्हणून. बरणीची आणि माझी रवानगी ओसरीवर झाली.

तिथे तुलसीराम आजा बसला होता. शेजारी माझ्या बलराम आजाची, म्हणजे तुझ्या वडिलांची खुर्ची, अजून रिकामी ठेवलेली. आठवतं का, दोघे तिथे एका कपातला चहा बशीत ओतून वाटून प्यायचे आणि मोठी बशी कुणाची यावरून भांडायचे? त्या खुर्चीकडे बघून तरी मला शहाणपण सुचायला हवं होतं. मी भिंग काढलं. आजाने बिचाऱ्याने डॉक्टरपुढे धरावी तशी मान तिरपी धरली. तुमच्या कानाची पाळी चिकटलेली, आमची सुटी, तुमचं नाक असं, आमचं तसं, असं सगळं मांडून मी म्हणालो, आजा, आपण मुळीच एका कुळाचे नाही.

आजाने मान सरळ केली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरं गोवर्धन, मग बलराम माझा कोन नव्हता?”

त्या दिवशी तो मोदकाला शिवला नाही. देवकी माझ्याशी बोलली नाही. मी बरणी मांडीवर घेऊन बसने परत आलो. फार वाईट वाटलं, आत्या. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
गोवर्धन

ता. क. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. मात्र फ्लाकची बस तुमच्याकडूनही निघते, आणि तुलसीराम आजा तुझा शब्द मोडत नाही, एवढं सहज आठवलं.

आणखी ता. क. रविवारी देवकी आली होती (मावशीबरोबर, गैरसमज नको). हे पत्र टाकायचं राहिलं होतं, ते वाचून म्हणाली, “आजाचा भाऊ हिसकावून घेतलास, आन् वर त्याची नात मागतोस?” तिचं शास्त्र निराळं. बलराम आजा अंथरुणाला खिळला होता तेव्हा तुझं कन्यादान तुलसीराम आजाने केलं, म्हणजे तू त्याची लेक. मला वाढवलंस तू, म्हणजे मी तुझा मुलगा. मग देवकीचे वडील तुझे भाऊ, म्हणजे देवकी माझ्या मामाची मुलगी झाली, आणि मामाच्या मुलीशी तर आपल्यात लग्न होतंच. आजाचा भाऊही त्याच्यापाशी राहतो. मॉस्येंना हे सांगायची माझी हिंमत नाही.

तू फक्त फ्लाकला येऊन आजासमोर ‘हा माझा मुलगा’ एवढं म्हणायचंस. आजा नाही म्हणाला, तरी म्हण. मला ते लहानपणापासून ऐकायचंय.